आधी पदवी घे, मग उड

१४ जून

प्रिय मावशी,

काल मी फोन आपटला. आईनं बजावलं की माफी मागितल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, म्हणून ही माफी. आता जेवून आले आहे आणि खरं पत्र लिहिते आहे.

तू म्हणालीस, "फोनवर तू नुसती किंचाळतेस, मला एक अक्षर कळत नाही, काय ते लिहून पाठव." घे, लिहून पाठवते. मला विमान चालवायचं आहे. म्हणजे आत्ता. पांढरे केस झाल्यावर नाही. बारावीचा निकाल लागला, गणित-भौतिकशास्त्रात चांगले गुण पडले, आणखी काय हवं? तू स्वतःहून म्हणालीस की शिक्षणाचा खर्च मी करीन. मी घरभर नाचले. बाबांनी शेजारच्या इमारतीची लिफ्ट अर्धी खोललेली तशीच सोडली आणि पेढ्यांऐवजी मिळाली ती बिस्किटं घेऊन घरी आले. आणि मग दुसऱ्या दिवशी तू हळूच म्हणतेस, आधी पदवी! तीही अशी की विमान बंद पडलं तरी पोट चालेल!

गेल्या वर्षी फ्लाइंग क्लबचा खुला दिवस होता तेव्हाचं तुला सांगितलंच आहे, पण परत सांगते, कारण तू विसरलीस असं दिसतंय. मास्तर म्हणून एक जाडे प्रशिक्षक आहेत. वर गेल्यावर त्यांनी विमान वळवायचा दांडा माझ्या हातात दिला. मी तो गळा दाबल्यासारखा धरला. ते म्हणाले, "अगं, चमचा धरतेस तसा धर. जेवायला बसली आहेस असं समज." मी पकड सैल केली आणि विमान एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पाय हलवू नकोस, टेबल हलतं.

तुझी अट मी मोडत नाही, वाकवते. विमानतळ व्यवस्थापनाची पदवी असते, तीन वर्षांची. शिकता शिकता विमानांच्या जवळ राहीन. चालेल?

तुझी
भिंगरी

२३ जून

भिंगरे,

माफी मिळाली. जेवणासाठी मागितलेली माफी मी अर्धीच धरते, उरलेली अर्धी प्रत्यक्ष भेटशील तेव्हा.

नाही चालणार. विमानतळ व्यवस्थापन म्हणजे त्याच घराचा मागचा दरवाजा. उद्या विमानं थांबली तर पायलटबरोबर व्यवस्थापकही घरी बसतील. सगळे एकदम घरी बसतात तेव्हा कोणाला कोणाकडे काम मागता येत नाही. तुला असं काहीतरी यायला हवं की ज्याचा आकाशाशी काडीचा संबंध नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर एक गृहस्थ दर महिन्याला येतात. चाळिशीचे, ताठ, कपड्यांना इस्त्री. ते मोठी विमानं चालवत होते. एकदा, एकदाच, आंघोळ करताना त्यांना फिट आली. त्यानंतर परत आली नाही, पण परवाना गेला तो गेलाच. मी सहज विचारलं, आता काय करता? म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही हो." हे त्यांनी लाजून सांगितलं नाही. कोणी आपली उंची सांगावी तसं सांगितलं. मी गोळ्या मोजून दिल्या आणि घरी येऊन तुला फोन केला. तू तो आपटलास.

तेव्हा दोन गोष्टी. पहिली, पायलटची पूर्ण वैद्यकीय तपासणी आधी करून घे. डोळे, हृदय, कान, सगळं. त्यात काही निघालं तर आत्ताच कळू दे. दुसरी, पदवी. कोणतीही घे, पण अशी घे की विमानाचा शोधच लागला नसता तरी तू ती घेतली असतीस. पैसे माझ्याकडे आहेत. मला नवरा नाही, गाडी नाही, शौक नाही. ते कुठे पळून जात नाहीत.

आणि तू पर्यायी नोकरीला "फाटकी छत्री" म्हणालीस ते आईनं मला सांगितलं. फाटकी असेल तर ती तू निवडलेली असेल. नीट निवड.

तुझी
मावशी

११ जुलै

प्रिय मावशी,

तपासणी झाली! मी ठणठणीत आहे. डोळे उत्तम, हृदय उत्तम, रंग ओळखता येतात, एका पायावर उभी राहते. कानांबद्दल सांगते, कारण तिथे एक गंमत झाली.

एका लाकडी खोक्यासारख्या खोलीत बसवतात. जाड दार, आत एक खुर्ची. दार लागलं की आपलंच गिळणं ऐकू येतं. कानाला यंत्र लावतात आणि बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मला पास व्हायचं होतं, म्हणून मी धडाधड दाबत सुटले. काचेपलीकडे एक बाई बसली होती, हातात पाव, तोंडात घास. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "पायलट व्हायचंय ना?" मी म्हटलं, हो. "तुम्ही सगळे असंच करता. मी गेलं अर्धं मिनिट काहीच वाजवलं नाहीये." मी लाजेनं लालेलाल. तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. यावेळी मी खरोखर ऐकू आलं तेव्हाच दाबलं आणि तरी पास झाले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, खोटं बोलणारे कान कसे ओळखता? ती म्हणाली, "कान खोटं बोलत नाहीत, बोट बोलतं." मग तिनं मला तो आलेख दाखवला, डोंगरउतारासारख्या रेषा असलेला. माणसाला किती आणि कोणता आवाज ऐकू येतो ते त्या एका कागदावर. मी तिथे तासभर थांबले. तिचा पाव संपला, मी तिला चहा आणून दिला.

तर माझी निवड झाली. ऑडिओलॉजी. कानाचं आणि बोलण्याचं शास्त्र. तपासणं, यंत्र बसवणं, मुलांना बोलायला शिकवणं. आणि हे ऐकून तू खूश होशील: ही पदवी तीन नाही, चार वर्षांची आहे! तुला वाट बघायला लावायचीच होती ना? घे, एक वर्ष जास्त.

तुझी (रागावलेली)
भिंगरी

१९ जुलै

भिंगरे,

रागानं निवडलेलं फार टिकत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या बाईबद्दल तू पानभर लिहिलंस आणि हृदयाबद्दल एक शब्द, म्हणून प्रवेश घे. बघू.

मावशी

२ मार्च

प्रिय मावशी,

बरेच दिवस लिहिलं नाही. अभ्यास होता.

पहिलं वर्ष संपत आलं. कानात तीन हाडं असतात, शरीरातली सगळ्यात लहान. एकमेकांना टेकलेली. त्यांची नावं, त्यांचे कोन, त्यांना धरून ठेवणारे धागे, सगळं पाठ. वर्गात बसून मी खिडकीबाहेर बघते. आमचं कॉलेज विमानांच्या वाटेखाली आहे, आणि दर वेळी विमान गेलं की सर थांबतात, कारण त्यांचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तेवढाच वेळ मी खूश असते.

शनिवारी मी क्लबवर जाते. विमानं धुते. पंखांच्या पुढच्या कडेला चिकटलेले किडे घासून काढायचे असतात, ते माझं खास काम. मास्तर बदल्यात मला विमानं ठेवायच्या हँगरमध्ये बसून पुस्तकं वाचू देतात. माझ्या वर्गातला तो लांब केसांचा मुलगा, जो बारावीनंतर थेट उडायला गेला, त्याचे चाळीस तास झाले. तो मला वरून हात करतो. वरून! मी खाली बादली घेऊन उभी असते.

परीक्षा बरी गेली.

तुझी
भिंगरी

९ मार्च

भिंगरे,

परीक्षा बरी गेली असं तू लिहितेस. आई सांगते, शरीररचनेत राहिलीस. दोघींपैकी एकीच्या कानात काहीतरी बिघाड आहे.

मी ओरडत नाही. मला एवढंच सांग, तू हे शिकते आहेस की दिवस ढकलते आहेस? दिवस ढकलायला मी पैसे ठेवले नाहीत. ते सोडायचं असेल तर सोड, दुसरं घे. पण वर बघत खाली नापास होणं हे मला पटत नाही.

आणि बादली घेऊन उभं राहण्यात कमीपणा नाही. त्या मुलाला किडे घासता येतात का विचार.

तुझी
मावशी

६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

राहिलेला विषय सुटला. दुसऱ्या वर्षात आम्हाला खरी माणसं बघायला देतात, म्हणून आता बरं चाललंय. एक गोष्ट सांगते.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातली एक बाई आली. पन्नाशीची. कटिंग मशीनजवळ तीस वर्षं. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते, आणि इतकं सफाईदार की तिच्या घरच्यांनाही अंदाज नव्हता. मी तिला यंत्र बसवलं. माझ्या हातून बसवलेलं पहिलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तिनं दहा मिनिटं ऐकलं, काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "शी! एवढा कालवा तुम्ही लोक रोज सहन करता?" आणि निघून गेली.

मी इतकी हिरमुसले की मास्तरांना सांगायला थेट क्लबवर गेले. ते म्हणाले, पहिल्यांदा उडवल्यावर अर्धे लोक ओकतात. पुढच्या आठवड्यात मी त्या बाईला स्वतः फोन केला, म्हणजे तिच्या सुनेला. ती परत आली. आता आम्ही रोज थोडं थोडं वाढवतो. आधी फक्त घरात. मग दाराशी. काल ती रस्त्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "माझी चप्पल वाजते हे मला कोणी सांगितलं का नाही?"

मावशी, मला झोपताना ती आठवते. आणि विमानही आठवतं. दोन्ही एकदम आठवतात आणि मी कुशी बदलत राहते.

एक काम आहे. आम्हाला आपापल्या घरातल्यांच्या कानांचा इतिहास लिहायचा आहे. आजीला कमी ऐकू यायचं ना? कधीपासून? आईला नक्की आठवत नाही. तू मोठी, तुला आठवत असेल.

तुझी
भिंगरी

१४ डिसेंबर

भिंगरे,

उशीर झाला. स्टॉक तपासणी होती.

आजीला ताप आला होता, त्यानंतर कमी झालं असं सगळे म्हणत. तेव्हा तपासायला कोण जात होतं? इतकंच लिही.

खोक्यांच्या कारखान्यातल्या बाईचं वाचून हसले. ती शहाणी आहे. सगळं ऐकायलाच हवं असं कोणी ठरवलं?

इथे थंडी आहे. बाकी ठीक.

मावशी

८ जानेवारी

प्रिय मावशी,

सुट्टीत तुझ्याकडे चार दिवस राहून आले, आणि आता रागावू नकोस.

तू दुकानाच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या खिडकीवर एक पाटी लावली आहेस: "औषधाचे नाव लिहून द्यावे." सगळ्यांना वाटतं तू शिस्तीची आहेस. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलेलं तू घेत नाहीस. त्यांनाही वाटतं तू शिस्तीची. जेवताना मी तुझ्या डावीकडे बसले की तू ताट उचलून खुर्ची बदलतेस. आणि मी फोनवर किंचाळते म्हणून पत्र लिहायचं. मावशी, मी फोनवर किंचाळत नाही. मी नेहमीसारखं बोलते.

मी काही बोलले नाही कारण आई समोर होती. फक्त मला सांग, कधीपासून?

भिंगरी

१७ जानेवारी

भिंगरे,

तुला शिकायला पाठवलं ही माझीच करणी, आता भोगते.

तिशीत असल्यापासून. आधी डावा, मग उजवा थोडा. मी कोणाला सांगितलं नाही, कारण औषध देणाऱ्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिला खिडकीवर कोण ठेवील? एकदा एका नावाऐवजी दुसरं ऐकलं. गोळी हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, कोणाला काही झालं नाही. त्या दिवशी मी ती पाटी रंगवली. आजवर एक चूक झालेली नाही. यात लपवण्यासारखं काय आहे म्हणशील, तर काहीच नाही. नुसता हेका.

मला वाटायचं वयाचं आहे. आता तूच सांगशील काय आहे ते.

आईला सांगू नकोस. म्हणजे सांग, पण मी सांगितलं असं सांगू नकोस.

मावशी

३० मार्च

भिंगरे,

वर्षभर टाळलं, शेवटी तू बसवून दिलेलं यंत्र आठवडाभर लावलं. नळ इतका ओरडतो हे मला माहीत नव्हतं. कागदाची पिशवी तर अंगावरच येते. दोन दिवस काढून कपाटात ठेवलं, तिसऱ्या दिवशी परत लावलं. मग खिडकीवर एक म्हातारे हळूच म्हणाले, "बाई, लिहायला चष्मा आणला नाही, तोंडी सांगू का?" म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं आणि मला ऐकू आलं. इतकंच. मी दिवसभर विनाकारण लोकांशी बोलत होते.

तुमच्या मॅडमनी माझ्या आलेखावरून आजाराचं काय नाव सांगितलं ते परत लिही, मी विसरले. कानातलं शेवटचं हाड घट्ट होत जातं असं काहीतरी.

बाकी तू तिसरं वर्ष उत्तम गुणांनी संपवते आहेस असं आई म्हणते. यावेळी मी तिच्यावर विश्वास ठेवते.

तुझी
मावशी

१२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

शेवटचं वर्ष सुरू झालं. आता पूर्ण वेळ क्लिनिक. काम भरपूर. मॅडम म्हणतात, पदवीनंतर इथेच राहा, जागा आहे. विचार करते आहे.

उडण्याचं पुढच्या वर्षी बघू. घाई नाही. तूच म्हणायचीस ना.

यंत्राची बॅटरी वेळेवर बदल.

भिंगरी

२४ सप्टेंबर

माझी भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "घाई नाही" हे दोन शब्द तू लिहिलेस यावर माझा विश्वास बसेना. अक्षर तर तुझंच आहे.

खरं सांगू? मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. तुला काम आवडलं, त्यात तुझा जीव रमला, हेच मला हवं होतं. पण ते असं झालं की ज्यासाठी पैसे बाजूला ठेवले ते कारणच पुसलं गेलं. कोणी भेटलंय का? असेल तर सांग, मी आईसारखी तडतड करणार नाही. तुला आता उडायचं नसेल तर तेही सांग. माणसाची इच्छा बदलते. मी तुला बांधून ठेवलेलं नाही.

पैसे आहेत तिथेच आहेत.

तुझी
मावशी

२६ नोव्हेंबर

मावशी,

कोणी भेटलेलं नाही. इच्छा बदललेली नाही.

ऑगस्टमध्ये क्लिनिकमधलं यंत्र दुरुस्त होऊन आलं. ते नीट चालतं का बघायला कोणीतरी खोलीत बसावं लागतं. मी बसले. माझ्या मैत्रिणीनं आवाज सोडले. बाहेर आले तर ती आलेख उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, यंत्र अजून बिघडलेलंच आहे. आम्ही दुसऱ्या यंत्रावर केलं. तेच आलं. उजवा कान. खालच्या, जाड आवाजांना कमी. तुझा आलेख माझ्याकडे फाइलमध्ये आहे. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. तुझी रेष खूप खाली आहे, माझी वर. पण वळण तेच आहे, मावशी. आजीचंही तेच असणार. ताप वगैरे काही नसेल.

फार थोडं आहे. आत्ता पायलटची तपासणी केली तर मी पास होईन. कोणी विचारलं नाही तर कोणाला कळणारही नाही. आणि पुढे कमी झालं तर बटण कधी दाबायचं हे आता माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? आवाज कधी येतो, मध्ये किती थांबतात, सगळं मला पाठ आहे. तीन महिने मी हाच विचार करते आहे. रोज. बस चुकते, जेवण राहतं. क्लबवर जाणं बंद केलंय. मास्तर विचारतात, मी म्हणते अभ्यास.

मग वाटतं, ज्या माणसाला मी फसवेन तो डॉक्टर नाही. मागे बसलेले लोक आहेत.

आणि तू. तुझे सगळे पैसे. मी शिकेन, परवाना मिळेल, आणि पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, किंवा दोनच वर्षांनी हे हाड घट्ट होईल. कदाचित कधीच नाही होणार. मॅडम म्हणतात, सांगता येत नाही. अशा गोष्टीवर मी तुझी जन्माची कमाई कशी लावू? म्हणून घाई नाही असं लिहिलं. ते खोटं होतं. मला इतकी घाई आजवर कधी नव्हती.

पैसे पाठवू नकोस. आईला अजून माहीत नाही.

भिंगरी

४ डिसेंबर

भिंगरे,

हे पत्र हातात घेऊन मी आधी रडले, मग चिडले, मग लिहायला बसले. आता नीट ऐक.

जा. आत्ता. परीक्षा मे महिन्यात संपते ना? जूनमध्ये जा.

पण त्याआधी पायलटची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेव, तुझा आणि माझा. काही न लपवता. ते नाही म्हणाले तर नाही. मग आपण दोघी मिळून रडू आणि तू कान बघत राहशील, तेही तुला येतं. पण ते हो म्हणाले, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही.

तू विचारशील, चार वर्षं मला थांबवणारी हीच का ती बाई? हीच. मी थांबवलं ते तू उडू नयेस म्हणून नाही. खाली येशील तेव्हा पायाखाली काहीतरी असावं म्हणून. ते आता आहे. तू उद्या उडायची बंद झालीस तरी माझ्या खिडकीवर येणाऱ्या त्या गृहस्थांसारखी होणार नाहीस. मग मी कशाला घाबरू? थांबायचं होतं तेवढं थांबून झालं. आता थांबलीस तर ते शहाणपण नाही, भीती आहे, आणि भीतीवर मी पैसे खर्च करत नाही.

आणि कमाईचं म्हणशील, तर ती माझी आहे. ती बुडवायची की उडवायची हे मी ठरवणार. दोन वर्षं उडालीस तर दोन वर्षांची. मी तीस वर्षं लोकांच्या गोळ्या मोजल्या. प्रत्येक गोष्ट किती दिवस पुरेल हे विचारून घ्यायची मला सवय आहे. या एका गोष्टीला मी विचारत नाही.

आईला मी सांगते. मी सांगितलं असंच सांगते.

तुझी
मावशी

२० एप्रिल

प्रिय मावशी,

काल झालं. लगेच लिहिते.

मोठ्या तपासणी केंद्रात तीन डॉक्टर बसले होते. मी दोन्ही कागद ठेवले. मधल्या म्हातारबुवांनी चष्मा वर केला. "हा दुसरा आलेख कोणाचा?" म्हटलं, माझ्या मावशीचा. "इथे लोक स्वतःचा आलेख लपवतात. तू घरातल्यांचाही घेऊन आलीस?" मग त्यांनी मला बाहेर बसवलं. बाहेर बाकावर मी इतके पाय हलवले की शेजारचा उठून गेला.

आत बोलावून म्हणाले, नियमात बसतेस, पण विमानात वागतेस कशी ते बघू. मला इंजिन चालू असलेल्या विमानात बसवलं, कानाला हेडफोन, आणि टॉवरवरून बोलतात तशी वाक्यं ऐकवली. मला ती परत म्हणायची होती. मावशी, गंमत अशी की या आजारात गोंगाटात माणसाला उलट बरं ऐकू येतं. पुस्तकात वाचलं होतं, माझ्यावर कधी करून बघितलं नव्हतं. मी एकही वाक्य चुकले नाही. बरोबर आलेल्या धडधाकट तरुण डॉक्टरांना दोन वाक्यं कळली नाहीत, त्यांनी ती मला विचारली.

मला परवानगी मिळाली. दर सहा महिन्यांनी कान तपासायचे. रेष ठरलेल्या खुणेखाली गेली की थांबायचं, वाद नाही. मी सही केली. क्लिनिकमध्ये मॅडमनी आठवड्याचे दोन दिवस माझ्यासाठी ठेवले आहेत, म्हणजे खोलीचं भाडं सुटेल.

बाबा म्हणाले, माणसांना वर न्यायचा धंदा घरात आहेच, तू फक्त जास्त मजले घेतेस. आईनं माझी बॅग दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली.

तुझी
भिंगरी

१८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आज सकाळी नेहमीसारख्या तीन फेऱ्या झाल्या. वर जायचं, वळायचं, उतरायचं, परत वर. तिसऱ्यांदा उतरल्यावर मास्तर म्हणाले, "बाजूला घे, थांबव." मला वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं, आणि कसेबसे खाली उतरले. "एक फेरी मार आणि ये. मला चहा घ्यायचाय." आणि दार लावून ते खरंच चालू लागले. मागे वळूनही बघितलं नाही.

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तिथे त्यांची उशी होती, दबलेली. मग मी टॉवरला सांगितलं, तयार आहे. आवाज माझा वाटला नाही.

तुला कोणी सांगितलं नसेल, मलाही नव्हतं: मास्तर आत नसले की विमान केवढं हलकं होतं! मी रोजच्याइतकंच ओढलं आणि ते टुणकन उडालं. रोज हँगरच्या पलीकडच्या झाडांपाशी जी उंची येते ती धावपट्टीवरच आली. मी मोठ्यानं हसले. मग ओरडले. काय ओरडले आठवत नाही, शब्द नव्हते. खाली आमचं कॉलेज दिसलं. बहुतेक सरांना बोलणं थांबवावं लागलं असेल.

वळले तेव्हा भीती वाटली. खरी. उतरवणारं दुसरं कोणी नव्हतं. तू नव्हतीस, मास्तर नव्हते. धावपट्टी लांब, बारीक, एखाद्या टाक्यासारखी दिसत होती. हात घट्ट झाले, मी ते सोडवले. तेवढ्यात टॉवरवरच्या माणसाचा आवाज आला, उजव्या कानात, अगदी स्पष्ट: "धावपट्टी मोकळी आहे. उतरा." मी ते परत म्हटलं, प्रत्येक शब्द.

एकदा आपटले, थोडं उडाले, मग टेकले. मास्तर कप हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "दोनदा उतरलीस. एकाचेच पैसे लावतो."

मागच्या पत्रात तू विचारलंस, एकदा एकटी उडालीस की तुझा जीव शांत होईल का? मी इंजिन बंद केलं. सगळीकडे सामसूम. पंखा फिरायचा थांबला. मी तिथेच बसून स्वतःकडे नीट लक्ष दिलं, तुला खरं उत्तर देता यावं म्हणून.

नाही झाला, मावशी. मला लगेच परत वर जायचं होतं.

तुझी
भिंगरी